ऑशकॉशच्या विमानमेळ्यात विमाने कशी पाहावीत

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीपासून मोटारीने साधारण दीड तासावर आणि शिकागोपासून तीन तासांवर, विनेबेगो सरोवराच्या काठी ऑशकॉश हे शहर आहे. तेथील विटमन विमानतळावर दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात, सोमवारपासून रविवारपर्यंत, ‘एअरव्हेंचर’ हा विमानमेळा भरतो. तो भरवणारी एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजेच ईएए, ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत स्थापन केली. स्वतःच्या हातांनी विमान बांधू पाहणाऱ्या मूठभर माणसांचे ते मंडळ होते. त्यांचा मेळा आधी मिलवॉकीत, मग इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे भरत असे आणि १९७० पासून तो ऑशकॉशला भरू लागला. मधल्या काळात २०२० चे एक वर्ष तेवढे वगळावे लागले. आता त्या आठवड्यात ऑशकॉश आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांहून अधिक विमाने येतात, आणि २०२४ साली ६ लाख ८६ हजार लोकांची हजेरी नोंदली गेली.

पहिल्यांदा येणारा पाहुणा बहुधा दुपारच्या हवाई कसरती डोळ्यांसमोर ठेवून येतो. तो अकरा-बाराला पोहोचतो, खुर्ची टाकून बसतो, कसरती पाहतो आणि संध्याकाळी परततो. कसरती उत्तम असतात यात शंका नाही, पण तशा कसरती जगात अनेक ठिकाणी पाहायला मिळतात. हजारो माणसे स्वतःची विमाने स्वतः उडवत एका विमानतळावर येतात, ती गवतावर उभी करतात, पंखाखाली तंबू ठोकून राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या विमानाविषयी मनापासून सांगतात, हे मात्र दुसरीकडे या प्रमाणावर सापडत नाही. म्हणून दिवसाची आखणी करताना उतरणारी विमाने आणि उभी असलेली विमाने यांना पहिला मान द्यावा आणि कसरतींना उरलेला वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची सगळी माहिती त्याच बेताने मांडली आहे.

कोणते दिवस निवडावेत

विमाने येताना पाहायची असतील तर मेळा सुरू होण्याआधीचे शनिवार-रविवार आणि पहिला सोमवार यांना तोड नाही. त्यांतील शनिवार-रविवारी विशिष्ट जातीच्या विमानांचे मोठे ताफे एकत्र उतरतात. बोनान्झा विमानांचा ताफा १९९० पासून रॉकफर्डहून उडून येत आहे. मूनी आणि सेसना विमानांचे मालकही अशाच रांगा करून येतात. तीन-तीनच्या तुकड्यांनी एकामागून एक उतरणारी एकाच जातीची डझनावारी विमाने पाहताना वैमानिकांनी वर्षभर केलेला सराव दिसतो.

उभी विमाने निवांतपणे पाहायची असतील तर मंगळवार ते गुरुवार हे दिवस घ्यावेत, कारण तेव्हा सर्व माळ भरलेले असतात आणि मालक जागेवर असतात. बुधवारी आणि शनिवारी रात्रीच्याही कसरती होतात, त्यामुळे एकच दिवस हाती असेल तर बुधवार निवडणे शहाणपणाचे ठरते. शनिवारपर्यंत बरेच मालक परतीच्या वाटेला लागलेले असतात आणि आसपासच्या गावांतील गर्दी वाढलेली असते. मुक्कामाची सोय मात्र फार आधी करावी लागते. शहरातील हॉटेले महिनोन्महिने आधी भरतात, म्हणून अनेक जण विद्यापीठाच्या वसतिगृहात, भाड्याच्या घरात किंवा मैदानाला लागून असलेल्या कॅम्प शोलर या तंबूंच्या वसाहतीत राहतात. शिकागो किंवा मिलवॉकीतील मराठी घरांतून एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे. त्यासाठी पहाटे निघावे लागते, आणि पहाटे निघणे प्रकाशासाठीही हिताचे आहे.

मैदानाची रचना

विमानतळाची मुख्य धावपट्टी उत्तर-दक्षिण असून ती सुमारे ८,००० फूट, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आहे. तिच्या पश्चिमेला, धावपट्टीला समांतर, सगळा मेळा पसरलेला असतो. मध्यभागी बोइंग प्लाझा हे मोठ्या विमानांचे अंगण आहे. त्याच्या उत्तरेला घरी बांधलेली विमाने आणि त्यापुढे युद्धविमाने उभी असतात. दक्षिणेला जुनी विमाने आणि अगदी टोकाला, गवताच्या छोट्या धावपट्टीपाशी, अतिहलकी विमाने असतात. उत्तर टोकाजवळ मुख्य धावपट्टीला छेदणारी दुसरी, पूर्व-पश्चिम धावपट्टी आहे आणि तिच्या बाजूच्या मोकळ्या माळाला ‘नॉर्थ फॉर्टी’ म्हणतात. विमान घेऊन येणारे लोक तेथे विमानाशेजारीच तंबू टाकतात.

हे अंतर पायी एका दिवसात उलट-सुलट तुडवता येत नाही. ट्रॅक्टर जोडलेल्या उघड्या गाड्या मैदानात फिरत असतात. सकाळी एका टोकाला जावे आणि दिवसभरात चालत दुसऱ्या टोकाकडे यावे, हा साधा क्रम सर्वांत कमी थकवतो. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत आलेले आई-वडील सोबत असतील तर त्यांच्यासाठी घडीची हलकी खुर्ची नक्की घ्यावी, कारण धावपट्टीच्या कडेला सावली जवळजवळ नाही.

उतरणारी विमाने

या आठवड्यात येथील नियंत्रण मनोरा जगातील सर्वांत गजबजलेला मनोरा असतो. एवढ्या विमानांशी नेहमीच्या पद्धतीने रेडिओवर बोलत बसणे अशक्य असल्यामुळे येथे एक वेगळीच पद्धत रुजली आहे. ती आधी समजून घेतली तर समोरचे दृश्य कितीतरी पटींनी अर्थपूर्ण होते.

नैर्ऋत्येकडे रिपन नावाचे गाव आहे. दृष्टीच्या भरवशावर उडणारी छोटी विमाने तेथे एकामागे एक, अर्ध्या मैलाच्या अंतराने रांगेत लागतात आणि खालच्या रेल्वेमार्गाच्या रेषेवरून फिस्क या खेड्याकडे येतात. वेग ९० नॉट (ताशी ९० सागरी मैल) आणि उंची समुद्रसपाटीपासून १,८०० फूट ठरलेली असते. ज्यांना एवढे हळू उडणे जमत नाही अशी वेगवान विमाने २,३०० फुटांवरून १३५ नॉटने येतात. फिस्कला जमिनीवर, मोकळ्या जागेत, हवाई वाहतूक नियंत्रक दुर्बिणी घेऊन बसलेले असतात. ते विमानाला त्याच्या क्रमांकाने हाक मारत नाहीत. ‘पिवळे, वर पंख असलेले विमान, पंख हलव’ अशी सूचना ते देतात आणि वैमानिक रेडिओवर उत्तर देण्याऐवजी विमान डावी-उजवीकडे डोलवून होकार देतो. मग त्याला धावपट्टी सांगितली जाते. तो पुढे आला की मनोऱ्यातून त्याला धावपट्टीवर रंगवलेल्या मोठ्या ठिपक्यांपैकी कोणत्या रंगाच्या ठिपक्यावर चाके टेकवायची ते सांगतात. त्यामुळे एकाच धावपट्टीवर एक विमान पुढच्या ठिपक्यावर, दुसरे मागच्या ठिपक्यावर, असे पाठोपाठ उतरते. मुख्य धावपट्टीला समांतर असलेला टॅक्सीमार्गही त्या आठवड्यात दुसरी धावपट्टी म्हणून वापरला जातो. या सगळ्यासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने विमानांमधील अंतराच्या नेहमीच्या नियमांत खास सवलत दिलेली असते. नियंत्रक गडद गुलाबी सदरे घालतात, म्हणून धावपट्टीच्या कडेच्या फिरत्या मचाणावर उभी असलेली गुलाबी माणसे दुरूनही ओळखू येतात.

हे पाहण्यासाठी प्रथम वाऱ्याची दिशा पाहावी. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरते. दक्षिणेकडून वारा असेल तर मुख्य धावपट्टीवर विमाने उत्तर टोकाकडून येतात आणि युद्धविमानांच्या भागातून ती छान दिसतात. उत्तरेचा वारा असेल तर ती दक्षिणेकडून येतात. अशा वेळी गाडीने दक्षिण टोकाला जाऊन जुन्या विमानांच्या पलीकडे गवतात बसावे. पश्चिमेचा किंवा पूर्वेचा वारा असला की नॉर्थ फॉर्टीकडची बाजू महत्त्वाची ठरते. सकाळ आणि कसरती संपल्यानंतरची संध्याकाळ या दोन वेळा सर्वांत गजबजलेल्या असतात. कसरती चालू असताना विमानतळ इतरांसाठी बंद असतो आणि रात्री आठनंतर येणाऱ्या विमानांना प्रवेश नसतो, त्यामुळे त्याआधीचा तास-दीड तास फार रंगतो.

सोबत हवाई पट्ट्याचा छोटा रेडिओ घ्यावा, असा माझा आग्रह आहे. विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, एएम पद्धतीने चालते, आणि अमेरिकेत ते ऐकण्यास सामान्य माणसाला आडकाठी नाही. ईएएच्या संकेतस्थळावर वैमानिकांसाठी त्या वर्षीची सविस्तर सूचनापुस्तिका मिळते. तीत फिस्कची, मनोऱ्याची आणि हवामान-सूचनेची रेडिओ वारंवारता दिलेली असते. ती पुस्तिका वैमानिकाइतकीच प्रेक्षकाच्याही उपयोगाची आहे. कानाला रेडिओ लावून, नियंत्रकाने ‘हिरवा ठिपका’ म्हणताच वैमानिक तेथेच चाके टेकवतो की थोडा पुढे वाहून जातो, हे पाहायला लागले की तास कसे गेले ते कळत नाही. उतरल्यावर विमानाच्या काचेत मोठ्या अक्षरांचा कागद लावलेला दिसतो. तंबूसह मुक्काम, नुसते उभे करणे, जुन्या विमानांचा भाग, घरी बांधलेल्या विमानांचा भाग, यांपैकी वैमानिकाला कोठे जायचे आहे ते त्यावरील आद्याक्षरांतून स्वयंसेवकांना कळते आणि ते हातवारे करून त्याला गवतावरून वाट दाखवतात.

विमान ओळखण्याची रीत

नवख्या माणसाने नावे पाठ करण्याच्या फंदात पडू नये. पंख धडाच्या वर आहेत की खाली, तिसरे चाक नाकाखाली आहे की शेपटीखाली, आणि इंजिन कोठे आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारत राहावे. वर पंख आणि नाकाखाली चाक असलेले छोटे विमान बहुधा सेसना असते आणि खाली पंख असलेल्यांत पायपरची संख्या मोठी असते. वर पंख, शेपटीखाली चाक आणि पिवळा रंग असेल तर ते पायपर कब असण्याची शक्यता खूप. शेपटी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असेल तर ती १९४७ ते १९८२ या काळात बनलेली बोनान्झा. दोन पंखांच्या विमानात खालचा पंख वरच्याच्या पुढे आलेला दिसला तर ते बीचक्राफ्टचे स्टॅगरविंग. त्याची रेषा एकदा पाहिली की विसरत नाही. धडावरचा क्रमांक ‘एन’ने सुरू झाला तर विमान अमेरिकेत नोंदलेले, ‘सी’ने सुरू झाला तर कॅनडात. दाराजवळ ‘एक्सपेरिमेंटल’ असे लिहिलेले असेल तर ते कारखान्याच्या नेहमीच्या प्रमाणपत्रावर उडणारे विमान नव्हे. या मेळ्यात बहुधा ते कोणीतरी स्वतः बांधलेले असते.

कानही उपयोगी पडतो. रेडियल इंजिनात सिलिंडर वर्तुळात बसवलेले असतात. त्याचा आवाज जाडसर आणि तुटक असतो, तर मस्टँग विमानातील बारा सिलिंडरचे मर्लिन इंजिन सलग, घुमणारा सूर काढते. टेक्सन हे प्रशिक्षण विमान उड्डाण घेताना कर्कश ओरडते, कारण त्याच्या पंख्याची (प्रोपेलरची) टोके ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचतात. आपल्या हवाई दलात हेच विमान ‘हार्वर्ड’ नावाने होते आणि भारतीय वैमानिकांच्या एका पिढीने त्यावर शिक्षण घेतले.

घरी बांधलेली विमाने

ज्यासाठी ही संस्था निघाली ते हे दालन आहे आणि अर्धा दिवस तरी येथे घालवावा. अमेरिकेत हौशी माणसाने विमान बांधले, त्याच्या बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षणासाठी किंवा छंदासाठी स्वतः केल्याचे दाखवले आणि तपासणी पार पडली, की ते उडवण्याची परवानगी मिळू शकते. बहुतेक जण संच विकत घेऊन बांधतात. त्यांत व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका सर्वांत लोकप्रिय असून तिची अकरा हजारांहून अधिक विमाने जगभरात उडाली आहेत, त्यामुळे येथे आरव्हींच्या रांगाच रांगा दिसतात. छोटा पंख पुढे, मोठा मागे आणि इंजिन पाठीशी असलेली, नाक जमिनीला टेकवून उभी असलेली विमाने बर्ट रुटान यांच्या आराखड्यांवर बांधलेली व्हेरीईझी किंवा लाँग-ईझी असतात. आत वैमानिक नसताना मागच्या इंजिनाच्या वजनाने ती शेपटीकडे कलंडू शकतात, म्हणून पुढचे चाक आत घेऊन त्यांना असे नाकावर ठेवतात.

पंख्याला अडकवलेला माहितीचा कागद आधी वाचावा. त्यावर बांधणाऱ्याचे नाव, गाव, इंजिन आणि पुष्कळदा बांधायला लागलेली वर्षेही लिहिलेली असतात. मग विमानाभोवती सावकाश एक फेरी मारावी. पत्र्याच्या विमानात रिव्हेटच्या ओळी सरळ आहेत का, दाराच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का, ते पाहावे. फायबरच्या विमानात पंखावर पडलेले क्षितिजाचे प्रतिबिंब सरळ दिसते की लाटांसारखे, यावरून घासकामाला दिलेले तास कळतात. इंजिनावरील झाकण उघडे असेल तर थंड हवा सिलिंडरांपर्यंत कशी वळवली आहे हे नक्की पाहावे, कारण तेथे बांधणाऱ्याची कसोटी लागते. एवढे पाहून झाल्यावर पंखाखाली खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला प्रश्न विचारावा. ‘किती खर्च आला?’ हा प्रश्न त्याला दिवसभरात अनेकदा विचारला गेलेला असतो. ‘यातला कोणता भाग तुम्ही पुन्हा केलात?’ किंवा ‘पहिल्या उड्डाणात काय वेगळे जाणवले?’ असे विचारले तर तो उठून उभा राहतो आणि दार उघडून आतले दाखवतो. इंग्रजी मोडके असले तरी संकोच करू नये; ही माणसे अत्यंत अगत्यशील आहेत.

या रांगांमधून फिरताना कॅप्टन अमोल यादव यांची आठवण होणे मराठी माणसाला स्वाभाविक आहे. कांदिवलीच्या चारकोपमधील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईकरांनी पाहिले, आणि त्याची अधिकृत नोंदणी २०१७ साली झाली. तेवढ्या एका नोंदणीसाठी आपल्याकडे किती झगडावे लागले ते आठवले की ऑशकॉशच्या माळावरच्या या साध्या कागदांचे मोल कळते.

येथे दोर आणि कठडे फारसे नसतात. सगळी व्यवस्था विश्वासावर चालते, म्हणून काही पथ्ये मनापासून पाळावीत. मालकाच्या परवानगीशिवाय कोणत्याही विमानाला हात लावू नये. कापडी पंखाला बोटाचा दाबही इजा करू शकतो आणि पाठपिशवीची कडी रंगावर ओरखडा काढते. पंख्याला तर कधीच स्पर्श करू नये, कारण मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राच्या, जोडणीत दोष राहिला असेल तर हाताने हललेल्या पंख्यानेही इंजिन क्षणभर पेटू शकते. विमानांजवळ धूम्रपान करू नये, लहान मुलांचा हात धरावा आणि चालू इंजिनाच्या मागून जाऊ नये. स्वयंसेवकाने थांबायला सांगितले तर कारण न विचारता थांबावे.

जुनी विमाने आणि युद्धविमाने

जुन्या विमानांच्या भागात तांबड्या रंगाच्या कोठारासारख्या इमारतीपाशी सुरुवात करावी. ३१ ऑगस्ट १९४५ पर्यंत बनलेली विमाने येथे ‘अँटिक’ ठरतात, तेथून १९५५ अखेरपर्यंतची ‘क्लासिक’ आणि १९५६ ते १९७० मधली ‘कंटेम्पररी’. पहिल्या गटात थोडा जास्त वेळ घालवावा. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले ते पस मॉथ याच पिढीचे होते. एक इंजिन, कापडाने मढवलेला सांगाडा आणि अरुंद बैठक असलेली त्या काळची विमाने जवळून पाहिली की तो प्रवास किती धाडसाचा होता ते उमगते.

युद्धविमानांकडे सकाळी किंवा कसरतींच्या तासभर आधी जावे, कारण तेव्हा इंजिने सुरू होतात. दोन-तीन माणसे मोठ्या विमानाचा पंखा हाताने फिरवताना दिसली तर तेथेच, दोराबाहेर, थांबावे. रेडियल इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत रात्रभर तेल झिरपून साठते आणि ते तसेच राहिले तर इंजिन सुरू करताना मोडू शकते, म्हणून ही काळजी घेतात. त्यानंतर अग्निशामक नळकांडे घेऊन एक जण पुढे उभा राहतो आणि काही मिनिटांत निळसर धुराचा लोट सोडत इंजिन जिवंत होते. कोर्सेअर या विमानाचे पंख मुळाशी खाली वाकून पुन्हा वर गेलेले दिसतात. तेरा फुटांहून मोठा पंखा जमिनीला लागू नये आणि तरीही चाकांचे पाय आखूड राहावेत, म्हणून ती रचना केली होती. बी-२९ या बाँबफेकी जातीची उडण्याजोगी दोनच विमाने जगात उरली आहेत, ‘फिफी’ आणि ‘डॉक’. त्यांपैकी एखादे येथे पुष्कळदा येते. डकोटा तर आपल्या परिचयाचे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला भारतीय सैन्य उतरले ते याच विमानांतून.

बोइंग प्लाझातील मोठी विमाने आठवड्यात बदलत राहतात, म्हणून तेथे रोज सकाळी एक नजर टाकावी. १९८५ साली काँकॉर्ड आणि २००९ साली एअरबस ए-३८० हे विमान येथे आले होते. लष्करी मालवाहू विमानांत आत जाऊ देतात, पण रांग दुपारी फार वाढते.

पाणी आणि गवत

दक्षिण टोकाच्या गवती धावपट्टीवर पहाटे आणि सूर्यास्ताच्या आधी, वारा पडलेला असताना, अतिहलकी विमाने, गायरोकॉप्टर आणि इंजिन लावलेली पॅराशूट उडतात. विनेबेगो सरोवराच्या एका शांत खाडीत पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा स्वतंत्र तळ आहे आणि तेथे जायला मैदानावरून बस मिळते. दुपारच्या उन्हात मैदानावर तळपत बसण्यापेक्षा तेथील झाडांच्या सावलीत दोन तास बसणे केव्हाही चांगले. एक दिवसाची कसरत त्यासाठी सोडावी लागली तरी हरकत नाही.

कसरती आणि छायाचित्रे

कसरती रोज दुपारी अडीचच्या सुमारास सुरू होतात. गर्दी प्लाझासमोर एकवटते. दोन-तीनशे मीटर उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकले तर मोकळेपणाने बसता येते आणि विमानांची वळणे उलट अधिक जवळून दिसतात. विमानाच्या वेगानुसार प्रेक्षकांपासून किमान ५००, १,००० किंवा १,५०० फूट अंतर राखावे लागते, त्यामुळे जेट विमाने लांबूनच जातात. आवाजाच्या दिशेने पाहिले तर ती सापडत नाहीत. तीन किलोमीटरवरून निघालेला आवाज पोहोचायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात आणि तोवर विमान बरेच पुढे गेलेले असते, म्हणून आवाजाच्या पुढे नजर ठेवावी. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी पुरे. त्याहून शक्तिशाली दुर्बिणीत वेगवान विमान धरणे अवघड जाते. कानांत बोळे हवेतच, लहान मुलांना तर कानावर बसणारी संरक्षक टोपणे द्यावीत.

प्रेक्षक धावपट्टीच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सूर्य समोरून येतो आणि दुपारनंतर तो पाठीशी जातो. म्हणून सकाळी आकाशातील छायाचित्रांच्या मागे लागू नये. ती वेळ दवाने ओल्या उभ्या विमानांसाठी ठेवावी. उडत्या विमानांची छायाचित्रे तीननंतर उत्तम येतात. पंख्याच्या विमानाला शटर १/१२५ ते १/२५० सेकंद ठेवावे आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत राहावे. त्याहून वेगवान शटरने पंखा गोठल्यासारखा दिसतो आणि विमान आकाशात टांगल्यासारखे वाटते. जेटसाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर योग्य. भर दुपारी धावपट्टीवरील तापलेल्या हवेमुळे दूरचे चित्र थरथरते. त्यावर कोणत्याही महागड्या भिंगाचा इलाज नाही, तेव्हा जवळचे विषय निवडावेत. ड्रोन मात्र मुळीच आणू नये.

ऊन आणि पाऊस

रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पाण्याची बाटली आणि घडीचा रेनकोट एवढे सामान दर दिवशी सोबत असावे. विस्कॉन्सिनमध्ये जुलैत दुपारी गडगडाटी वादळे झपाट्याने येतात. विजा चमकू लागल्या तर विमानाच्या पंखाखाली किंवा तंबूत आसरा घेऊ नये, पक्की इमारत किंवा मोटार गाठावी. २०१० साली मेळ्याच्या आधी एवढा पाऊस झाला की गवताचे माळ चिखलाने भरले आणि येणाऱ्या विमानांना आसपासच्या विमानतळांवर थांबावे लागले. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकत राहाव्यात, कारण पाऊस ओसरताच थांबलेली विमाने एकदम येऊ लागतात आणि आठवड्यातील सर्वांत दाट रांग तेव्हाच पाहायला मिळते. ईएएचे दोनशेहून अधिक विमानांचे संग्रहालय मैदानालगतच आहे. ते वर्षभर उघडे असते, म्हणून मेळ्याच्या आठवड्यात स्वच्छ उन्हाचे तास त्यावर खर्च करू नयेत. पाऊस लागला की तिकडे वळावे आणि ढग फुटताच पुन्हा धावपट्टीच्या कडेला यावे.